घर दाखवायच्या दिवसांत

ती पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, घरी मशीनवर शिवायची आणि परत जाऊन टांगून द्यायची. इतकी घरं बघून तिला कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता. पण त्या बैठ्या घरात शिरली आणि टेप हातातच राहिला. ओट्यासमोर मोठी खिडकी, मागे हातभर अंगण, बाजूला एक लहानशी खोली उन्हानं भरलेली.

"पडदे लागले की घर विकायला काढणार," मालकीण म्हणाली. "उघड्या खिडक्या बघून लोक भाव पाडतात."

घरी येऊन तिनं नवऱ्याला गाठलं. "ते घर आपण घेऊ या."

"कशाच्या जोरावर?"

"हे विकून."

हे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांची खाट. अर्धांगवायूनं म्हाताऱ्याची डावी बाजू नेली होती, जीभ मात्र शाबूत होती. काठीच्या आधारानं मोरीपर्यंत जायचे, तेवढंच. जिना उतरून त्यांना कितीतरी दिवस झाले होते. ती उन्हाची खोली बाबांना द्यायची, हे तिनं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं आणि त्यात काही खोट नव्हती. सासऱ्यांना तिनं त्या खिडकीचं इतकं वर्णन केलं की तेच विचारायला लागले, "सूनबाई, कधी नेतेस मला?"

एजंट गिऱ्हाइकं आणू लागला. बाबांना वाटायचं, पाहुणे आले. कोण कधी येत होतं त्यांच्याकडे? ते खुलून जायचे.

"या, या, बसा. खाटेवरच बसा. माझी बायको याच खाटेवर गेली हो. झोपेतच. काही त्रास नाही." पाहुणे उभेच राहिले, की आणखी आग्रह. "त्या कपाटाला टेकू नका, मागे भिंत ओली आहे. पोरानं कपाट लावून झाकलीय."

पडदेवाली हसून सारवासारव करायची. गिऱ्हाईक जिना उतरता उतरताच नाही म्हणायचं.

"ताई, म्हातारबांना काही दिवस कुठंतरी हलवा," एजंट एकदा दारातच म्हणाला. "नाहीतर हे घर काही खपत नाही."

इकडे त्या बैठ्या घराला दुसरं गिऱ्हाईक लागल्याचं कानावर आलं. तिची झोप उडाली. मापं घेताना चुकायला लागली, एका बाईचे पडदे वीतभर आखूड शिवले.

नवऱ्याला तिनं शुश्रूषाकेंद्राचं सांगितलं, तेव्हा तो भाकरीचा घास तसाच धरून बसला. "बाबांना परक्यांत ठेवायचं?"

"थोडे दिवस, अहो. घर झालं की आधी त्यांनाच आणू. त्यांच्यासाठीच चाललंय ना सगळं?"

त्यानं कधी तिचा शब्द मोडला नव्हता, तेव्हाही मोडला नाही. चौघांनी खुर्चीत बसवून म्हाताऱ्याला जिना उतरवला. बाबा खुशीत होते. "निघाली बरं का माझी वरात!" ते शेजाऱ्यांना सांगत होते. आपण नव्या घरी चाललोय असंच त्यांना वाटत होतं. शुश्रूषाकेंद्राच्या दारावरची पाटी त्यांनी वाचली. मग सुनेचा हात धरून म्हणाले, "रंग ओला असेल तिकडे. असू दे. वाळला की ने."

त्यांची समजूत तिनं मोडली नाही.

खाट गेली, भिंतीला रंग लागला, आणि एक गिऱ्हाईक त्या दोन खोल्या घ्यायला तयार झालं. मालकिणीला विसार देऊन तिनं बैठं घर अडवून ठेवलं आणि धावपळ सुरू झाली. सुरुवातीला ती एक दिवसाआड बाबांकडे जायची. मग सफाई, बांधाबांध, नोंदणी कचेरीच्या खेपा. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा गेला. नवऱ्याला तिनंच सांगितलं होतं, "मी जाऊन येते, तुम्ही कामावर जा."

विक्रीच्या सह्या झाल्या त्याच दुपारी केंद्रातून फोन आला. बाबा पडले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सोबत आलेली केंद्रातली नर्स बोलायला साधी होती. "रोज आंघोळ झाली की धुतलेला सदरा घालायला लावायचे. म्हणायचे, आज सून न्यायला येणार. आज कुणाची वाट न बघता आपणच उठून दाराकडे निघाले." मग तिनं विचारलं, "तुम्हीच ना सूनबाई? मी लागून आठवडा झाला, तुम्हाला कधी बघितलं नाही."

पडदेवालीनं मान हलवली. नवरा तिच्याकडे बघत होता. "तू आठवडाभर गेली नव्हतीस?" एवढंच त्यानं विचारलं, पुन्हा कधी विचारलं नाही.

घर त्यांचं झालं. नवऱ्यानं आपलं अंथरूण बाजूच्या त्या उन्हाच्या खोलीत टाकलं आणि आतून कडी लावायला लागला. जेवायला येई, ताट घासून ठेवी, परत आत.

ती पहाटे उठून ओट्याशी उभी राहायची. अंगणावर ऊन उतरायचं, चहाला आधण यायचं, आणि काही क्षण तिला फार बरं वाटायचं. घर तिला अजूनही तितकंच आवडत होतं. ते आवडेनासं व्हावं म्हणून तिनं पुष्कळ खटपट केली. झालं नाही.