आपल्या पत्राकडे लक्ष दिले जात आहे

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नसे. गेटवरच्या वॉचमनपासून थेट मालकांपर्यंत सगळ्यांचे ते 'काइंडली'. त्यांच्या हातून निघालेल्या इंग्रजी पत्रात 'काइंडली' नाही, असं कधी झालंच नव्हतं. समोरच्या पार्टीने तोंडाला पानं पुसलेली असोत की मालकांचं डोकं फिरलेलं असो, पत्र मात्र हात जोडूनच बाहेर पडायचं.

मालकांना इंग्रजी येत नव्हतं आणि शिव्या उदंड येत होत्या. केबिनमध्ये येरझाऱ्या घालत ते मजकूर सांगायचे. "लिहा त्या हरामखोराला! बेअरिंगं पाठवलीस की भंगार? पुढच्या वेळी ट्रक आणून तुझ्या दारात ओततो म्हणावं!" काइंडली मान डोलवत सगळं टिपून घ्यायचे आणि आपल्या टेबलावर येऊन सुंदर इंग्रजीत टाइप करायचे की, आपल्या मालाच्या दर्जाविषयी काही बाबी कृपापूर्वक निदर्शनास आणून देताना आम्हांस खेद होत आहे. सही करताना मालक विचारायचे, "सगळं घातलंत ना?"

"सगळं घातलंय, साहेब."

"झोंबेल ना त्याला?"

"चांगलंच झोंबेल."

मालकांचा राग निवायचा आणि पार्टी टिकायची. सगळ्या कारखान्याला हे गुपित ठाऊक होतं. बहुधा मालकांनाही होतं, पण त्यांनी कधी तसं दाखवलं नाही.

काइंडलींच्या भात्यात एक खास वाक्य होतं. गिऱ्हाइकाची तक्रार यावी, तिच्यावर काही करण्याची इच्छा कोणालाच नसावी, अशा वेळी ते बाहेर निघायचं. 'युवर लेटर इज रिसीव्हिंग अवर बेस्ट अटेन्शन.' म्हणजे आपल्या पत्राकडे आम्ही अगदी जातीने लक्ष देत आहोत. हे उत्तर गेलं की मूळ तक्रार त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यातल्या तारेच्या ट्रेमध्ये पडायची आणि तिथेच पिवळी व्हायची.

त्यांना एकच लेक. तिला इंग्रजी वाचायला त्यांनी घरी शिकवलं, तेही ऑफिसातून आणलेल्या रद्द मसुद्यांवर. गोष्टीची पुस्तकं विकत आणायची ऐपत होती, पण बापाला आपल्या पत्रांचा भारी अभिमान! लहानपणी तिने या वाक्याचा अर्थ विचारला होता. काइंडली हसून म्हणाले होते, "म्हणजे आपण काही करणार नाही, पण त्याला तसं वाटू द्यायचं नाही." पोरगी खिदळली होती. पुढे तर घरात तो विनोदच होऊन बसला. आईने पंखा दुरुस्त करून आणायला सांगितलं की बापलेक एका सुरात म्हणायचे, "बेस्ट अटेन्शन!" आईला इंग्रजी येत नव्हतं. पंखा आज होत नाही, एवढं तिला त्यातून बरोबर कळायचं.

लेक मोठी झाली, शिशुवर्गावर शिकवायला लागली. तिच्या हृदयाचे ठोके मधेच भरकटायचे. एक परदेशी गोळी ते ताळ्यावर ठेवायची आणि त्या गोळीच्या जोरावर तिचं सगळं सुरळीत चाललं होतं. एके दिवशी नेहमीचा औषधवाला म्हणाला, "कंपनीने गोळी बंद केली, काका. माझ्याकडे आहे तेवढी घेऊन जा."

डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या देऊन पाहिल्या, तर पोरीचा जीव कासावीस झाला. मग ते म्हणाले, "ऑपरेशन करून टाकू. धोका आहे, मी लपवत नाही. पण आत्ता हृदय धडधाकट आहे, तोवर सोपं जाईल. फार लांबवू नका."

ऑपरेशन म्हटल्यावर आई मटकन खाली बसली. काइंडली म्हणाले, "थांबा. मी कंपनीला लिहितो. एवढी मोठी कंपनी, कुठल्या तरी गोदामात साठा असणारच." त्यांच्या आवाजात इतका भरवसा होता की आई उठून उभी राहिली. तिच्या नवऱ्याने आयुष्यभर पत्रांनीच तर सगळ्यांची कामं केली होती.

ते पत्र त्यांनी ऑफिस सुटल्यावर मागे थांबून लिहिलं. त्यात एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता, आणि 'काइंडली' जिथे हवं तिथे होतं. मेलने ते रवाना झालं आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. आपल्या उत्पादनात रस दाखवल्याबद्दल आभार. आपल्या पत्राकडे आम्ही जातीने लक्ष देत आहोत.

तुम्ही म्हणाल, या माणसाला ते वाचताक्षणी कळायला हवं होतं. जन्मभर हेच वाक्य लोकांच्या गळ्यात मारलं, त्याला नाही कळणार तर कोणाला? पण नाही कळलं हो. किंवा कळलं असेल आणि त्यांनी ते कळणं तिथल्या तिथे दाबून टाकलं असेल. पोटच्या पोरीचा प्रश्न आला की माणूस आपल्याच थापेवर विश्वास ठेवतो. त्यांनी तो कागद छापून घेतला आणि घरी येऊन चपला न काढताच वाचायला सुरुवात केली. बायकोला मराठीत सांगितलं, "जातीने लक्ष घालतायत म्हणे! बघ, मी म्हटलं नव्हतं?"

लेकीने कागद हातात घेतला. वाचला. बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान लिहिलंय, बाबा."

मग वाट पाहणं सुरू झालं. काइंडली पत्रामागून पत्रं लिहू लागले आणि कंपनी उत्तरामागून उत्तरं. चौकशी संबंधित विभागाकडे पाठवली आहे. संबंधित विभाग तपासून पाहत आहे. आपल्या संयमाबद्दल आभार. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दिलेली तारीख काइंडलींनी पुढे ढकलली, मग आणखी एकदा ढकलली. बाटलीतल्या गोळ्यांनी तळ गाठला तेव्हा आई ओट्यावर ब्लेडने त्या अर्ध्या कापू लागली. कापताना सांडलेला चुरा ओल्या बोटाने टिपून ती पोरीच्या जिभेवर ठेवायची. पोरीला आता जिना एका दमात चढवत नव्हता. मधल्या कठड्याला टेकून ती म्हणायची, "इथून रस्ता छान दिसतो." आई पिशवी घेऊन मागे उभी राहायची आणि रस्ता पाहिल्यासारखं करायची. पुढे तिचं शाळेत जाणंही सुटलं.

काइंडलींचं कामावरचं लक्ष उडालं होतं. एका जुन्या पार्टीच्या पत्रात त्यांनी पंपाच्या मॉडेलच्या जागी त्या गोळीचं नाव टाइप केलं आणि मालकांनी डोळे झाकून सही ठोकली. पार्टीचा फोन आला, तुम्ही आता औषधं बनवायला लागलात का? मालकांनी काइंडलींना केबिनमध्ये बोलावलं. शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहून मिटलं.

"काय झालंय?"

काइंडलींनी सगळं सांगितलं.

"तुम्ही काय लिहिलंत त्यांना? मराठीत वाचून दाखवा."

काइंडलींनी घसा खाकरला. "महोदय, आपल्या उत्पादनाच्या उपलब्धतेसंदर्भात, सदर रुग्णास येणारी संभाव्य गैरसोय विचारात घेता, आपण कृपापूर्वक..."

"कोण रुग्ण?"

"माझी लेक, साहेब."

"मग ती कुठाय यात? हे ऐकून मला वाटलं, कोणाला तरी खोकला झालाय! अहो, पोरगी जातेय तुमची, आणि तुम्ही गैरसोय काय लिहिताय?" मालक उठून येरझाऱ्या घालू लागले. "बसा तिथे. मी सांगतो ते लिहा. आणि आज एक अक्षर जरी गोड केलंत ना, तर नोकरीवरून काढून टाकीन."

काइंडलींनी पेन काढलं.

"लिहा. माझी एकुलती एक पोरगी आहे. तुमच्या गोळीवर ती जगत होती. तुम्ही गोळी बंद केलीत. आम्ही घरी ब्लेडने अर्धी अर्धी कापून देतोय. माझ्या पोरीला जिना चढवत नाही. गोळी आहे की नाही, एवढं सांगा. नसेल तर नाही म्हणा, पण लक्ष देतोय, लक्ष देतोय हे बंद करा. हे वाचणाऱ्याला मुलंबाळं असतील तर त्याने स्वतः उठावं आणि कपाटं उघडून बघावं." मालकांनी खिडकीकडे तोंड केलं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. पाठमोरेच ते म्हणाले, "जा. असंच्या असं."

काइंडलींनी ते असंच्या असं टाइप केलं. दोनदा बोट सवयीने 'काइंडली'च्या पहिल्या अक्षरावर गेलं, दोनदा त्यांनी ते मागे घेतलं. आपलं इंग्रजी इतकं उघडंवाघडं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाठवल्यावर त्यांना भरून आलं, लाजही वाटली. कोपऱ्यातल्या ट्रेकडे नजर गेली. त्यांनी वरचं पत्र उचललं, वाचवेना, परत ठेवलं.

उत्तर यायला दोन-तीन दिवस लागले. त्यावर संदर्भ क्रमांक नव्हता, विभागाचं नावही नव्हतं. खाली कोणा बाईचं नुसतं नाव होतं, हुद्दा नाही. 'मी हे तुम्हाला लिहिणं नियमात बसत नाही. मी स्वतः गोदामात जाऊन प्रत्येक रॅक पाहिला. एकही गोळी उरलेली नाही आणि आता ती बनणार नाही. आमची वाट पाहू नका.'

त्या दिवशी घरी गेल्यावर काइंडलींनी चपला काढल्या, नीट जागेवर ठेवल्या. आई पदराला हात पुसत समोर उभी. "काय म्हणतायत? सांगा की! घालतायत ना लक्ष?"

लेकीने त्यांच्या हातातून कागद घेतला आणि आईला सरळ सांगितलं, "गोळ्या संपल्यात, आई. वाट पाहू नका म्हणतायत."

आईने तोंडाला पदर लावला. काइंडली खुर्चीत बसले आणि पुटपुटले, "पण पहिल्या पत्रात तर ते..."

"पहिल्या पत्रातही हेच होतं, बाबा."

"तुला कळलं होतं?"

"तुम्हीच नाही का शिकवलंत? आपण काही करणार नाही, पण त्याला तसं वाटू द्यायचं नाही."

"मग बोलली का नाहीस गं?" ते ओरडलेच. लेकीवर ते कधी ओरडत नसत.

"तुम्ही चपला न काढता वाचत होतात. किती दिवसांनी हसताना दिसलात. कसं सांगायचं?" ती दम घ्यायला थांबली. "आणि मलाही ऑपरेशनची भीती वाटत होती, बाबा. मला वाटलं, निदान तुम्ही तरी खरं मानताय, तर असेलही."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं. "हृदय थकलंय. तेव्हाच आला असतात तर मी निर्धास्त असतो. आता तसं म्हणवत नाही. इतके दिवस कशाची वाट बघत होतात?"

काइंडलींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकच म्हणाली, "टपालाची, डॉक्टर." डॉक्टरांना ते समजलं नाही. त्यांनी सकाळची वेळ दिली आणि नर्सने इंग्रजीत छापलेला संमतीचा कागद पुढे केला.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

काइंडलींनी एकेक ओळ वाचली. जिभेवर मऊ शब्द आपणहून गोळा होत होते. ते त्यांनी गिळले. "ती वाचेलच असं नाही, असं लिहिलंय. आणि तसं झालं तर कोणाला दोष द्यायचा नाही."

आईने पेन मागून घेतलं आणि नवऱ्याच्या सहीखाली स्वतःची सही केली.

सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी स्ट्रेचर थांबलं. लेकीने मान वळवली. "बाबा, त्या बाईंना उत्तर लिहिलंत?"

"नाही गं अजून."

"लिहा. आणि काइंडली नको हं त्यात."

ते हसायला गेले आणि हुंदकाच बाहेर पडला. वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं, दार लागलं, वरचा लाल दिवा लागला.

बाकावर बसून त्यांनी फोन काढला आणि एका बोटाने इंग्रजी अक्षरं दाबायला लागले. सवयीने 'विथ रेफरन्स टू' उमटलं. ते पुसलं. मग 'वुई रिग्रेट' उमटलं, तेही पुसलं. शेवटी लिहून झालं आणि त्यांनी ते पाठवलं.

"काय लिहिलंत?" आईने विचारलं.

त्यांनी असंच्या असं मराठीत वाचून दाखवलं. "आम्ही फार वाट पाहिली. आता ती आत आहे. तुम्ही उठून बघितलंत, त्याबद्दल आभार. तिचा बाप."

"एवढंच?"

"एवढंच."

आई त्यांच्या जवळ सरकून बसली, आणि दोघं त्या दाराकडे बघत राहिली.