लायडनच्या गल्लीतही वाडी विचारली

आज दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. हॉलंडमध्ये लायडनला घर घेतायत, कालव्याकाठचं, जुनं. समोर एक मराठी कुटुंब राहतं म्हणून तिनं मुद्दाम तीच गल्ली पसंत केली.

मला ऐंशीच्या दशकातलं वाशी आठवलं. मी आणि आमचे हे फ्लॅट बघायला गेलो होतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहा दिला, गाव विचारलं. चिपळूणजवळचं म्हटल्यावर खूश झाले. मग हळूच म्हणाले, "कुठल्या वाडीतले?"

"बौद्धवाडीतले," हे म्हणाले.

चहा संपायच्या आत तो फ्लॅट आधीच कुणाला तरी दिलेला निघाला. शेवटी आम्ही सरकारी सोडतीतलं घर घेतलं. सोडतीत वाडी विचारत नाहीत. लेकीला यातलं काही कधी सांगितलं नाही. म्हटलं, तिच्या डोक्याला कशाला.

"समोरच्या काकू इतक्या गोड आहेत आई," ती सांगत होती. "चहाला बोलावलं, गावाची चौकशी केली."

"आणि वाडी विचारली?"

ती हसायची थांबली. "तुला कसं कळलं?"

मैत्रिणींनो, आता तिला घर घे म्हणू, की नको म्हणू?