एकाच नंबरची दोन मशिनं

सासरे माझ्या नवऱ्याला भिंगरी म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. घास तोंडात, डोळे मोबाइलवर, एक पाय दाराबाहेर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कुणाच्या उशाशी घटकाभर बसलेला मी पाहिला नाही.

आम्ही दोघं एकाच हॉस्पिटलात. मी रक्तपेढीत, तो मशीनरूममध्ये. तिथल्या एकेका मोठ्या मशीनच्या पोटात आठ-दहा कॉम्प्युटर चालतात, नुसते सॉफ्टवेअरचे. हात लावायला जाल तर काही नाही. आमच्या रक्तपेढीचाही त्यातलाच. सगळ्यांवर देखरेख करायला एक प्रोग्राम असतो आणि तो प्रत्येक मशीन ओळखतो ते त्याच्या नंबरावरून.

मागे दोन नवी मशिनं आली, एकाच खेपेतली. कारखान्याने सगळ्या खेपेवर एकच नंबर ठोकलेला! प्रोग्राम दुसऱ्याला आत घेईना. म्हणे, हे तर आधीच आहे. अशा वेळी मशीनकडूनच नवा, लांबलचक, कुणाच्या डोक्यात येणार नाही असा नंबर काढून घ्यायचा असतो. पण साहेब डोक्यावर बसलेले, आणि आमच्या भिंगरीला धीर कुठला? त्याने शेवटचा आकडा एकाने वाढवला आणि मोकळा झाला.

मग सासऱ्यांचं ऑपरेशन ठरलं. कधी कुणाकडे काही न मागणारा माणूस, आदल्या दिवशी म्हणाला, "आत नेतील तोवर जवळ बस रे." हा हो म्हणाला. मी मनात म्हटलं, बघू.

सकाळी तो खरंच आला. बूड टेकतंय तोच फोन वाजला आणि हा पळाला. माझं डोकंच फिरलं. बापापेक्षा मशीन मोठं का, असं जिन्यापर्यंत जाऊन सुनावलं. मग खाली माझ्या टेबलाशी गेले तर स्क्रीन बंद. सासऱ्यांचं रक्त जुळवून झालं होतं, पण नोंद स्क्रीनवर दिसल्याशिवाय पिशवी द्यायची नाही हा आमचा नियम. पिशवी नाही तर ऑपरेशन नाही.

मशीनरूम गाठली. शेजारच्या इमारतीतली मशिनं त्या सकाळीच या प्रोग्रामखाली आणली होती. त्यात त्याच खेपेतलं एक होतं, आणि मूळ नंबर इथे आधीच आहे म्हणून तिथल्या शहाण्यानेही शेवटचा आकडा एकानेच वाढवला होता. घाईतल्या माणसांना सुचतं ते सारखंच. सगळी मशिनं एकदम आत घेताना प्रोग्रामने नंबर पडताळलेच नाहीत. मग त्याला कुठलं मशीन कुणाचं कळेना, आणि त्या गोंधळात रक्तपेढीचा कॉम्प्युटर बंद पडला.

"अजून एक वाढव आणि वर चल," मी म्हटलं.

"नको. आता नीटच करणार."

त्याने मशीन बंद केलं, नवा नंबर काढला, पुन्हा चालू केलं, पुन्हा तपासलं. तो येरझाऱ्या घालत होता, घाम पुसत होता. मला रडू येत होतं. नोंद दिसली तशी मी पिशवी घेऊन धावले. तो मागून वर पोचला तेव्हा पलंग रिकामा होता.

संध्याकाळी सासरे शुद्धीवर आले. नवरा भिंतीला टेकून उभा. मलाच राहवलं नाही. हे रक्त तुम्हाला मिळावं म्हणूनच तो खाली अडकला होता, असं सांगून टाकलं. नंबराची चूकही सांगितली.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "निरोप तरी धाडायचास," ते हळू म्हणाले. "असा धावत सुटलास... तुला काय झालं म्हणून मी दाराकडेच बघत होतो. स्वतःसाठी घाबरायचं राहूनच गेलं बघ."