मामांच्या कागदावरची लाल दुरुस्ती

इथे लोक जे अनुभव लिहितात ते वाचून मी आजवर फक्त हसत आले, हे आधीच कबूल करते. नायगावला माझं ई-सेवा केंद्र आहे. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, सातबारा, आधार अपडेट... जे स्कॅन होत नाही ते मी मानत नाही. म्हणूनच हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

माझे बसूमामा उदगीरजवळच्या खेड्यातले. मस्कतला एका कंपनीचं स्टोअर सांभाळायचे. बुटके, डोक्याचे केस गेलेले, एसीचा वारा सोसत नाही म्हणून कानात बारा महिने कापूस. आणि कागदाच्या बाबतीत तर कहर माणूस! सुट्टीवर आले की माझ्या केंद्रात स्टूल ओढून बसायचे, खिशातला लाल पेन काढायचे आणि मी भरलेल्या फॉर्ममधल्या चुका काढायचे. "शैला, तू लोकाचं काम करून राहिलीस का वाटोळं?" — हे गिऱ्हाइकांसमोर!

एका सोमवारी सकाळी त्यांच्या खोलीतल्या सोबत्याचा, यादगिरीचा, फोन आला. निजामाबादकडचा माणूस, मोडकी हिंदी. मामा झोपेतच गेले होते.

मामा-मामीला मूलबाळ नाही. मामांना भाऊ नाही. सगळे माझ्याकडेच बघायला लागले... हिला ऑनलाइनचं कळतं म्हणून! दाखला काढणं वेगळं आणि परदेशातून माणूस आणणं वेगळं, हे कुणाला सांगणार?

कंपनीच्या साहेबांनी फोनवर नीट समजावलं — तिथला मृत्यूचा दाखला, वकिलातीची ना-हरकत, पासपोर्ट रद्द करणं, शव टिकवल्याचं प्रमाणपत्र, मग विमानाच्या कार्गोचं बुकिंग. दोन आठवडे तरी लागतील. घरच्यांची तयारी असेल तर तिथेच माती देता येईल.

मी मामीला विचारलं. तिनं रडणं थांबवलं.

"न्हाई. आपल्यात माणसाला बसवून माती देतात. त्यायला आपल्या शेतात, सासू-सासऱ्याच्या शेजारी बसवायचंय. ते येईस्तोवर मी अन्नाला हात लावत न्हाई."

म्हणजे दोन आठवडे... आणि मामीला साखरेचा आजार.

यादगिरीनं मला सलीमभाईंचा नंबर दिला. मूळचे हैदराबादचे, तिकडे अशा कामात लोकांना मदत करणारे. त्यांच्या सांगण्यावरून मी मामीचं संमतिपत्र केलं, नोटरी करून घेतलं, स्कॅन करून पाठवलं. संध्याकाळी सहज फाइल उघडली तर काय — पासपोर्ट नंबरातले दोन आकडे उलटे! ४७ च्या जागी ७४. आता वकिलातीतून कागद परत येणार, पुन्हा नोटरी, पुन्हा चार दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरत फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत सलीमभाईच बोलले.

"आपा, फिकर नक्को करो. नंबर का काम हो गया. उनों सुबा-सुबाच आके दुरुस्त करके गए."

"कोण उनों?"

"मय्यत के बड़े भाई. गंजे, छोटे कद के. कानां में रुई थी... बोले, भानजी हमेशा नंबर उलटा लिखती. मेरे फॉर्मां में भी तीन गलत्यां निकाले."

मी म्हटलं, मामांना भाऊच नाही.

"अरे, पासपोर्ट के फोटो से मिलती सूरत! उसमें बाल हैं, इनके नहीं हैं, बस. चाय पूछा तो बोले, अब चलती नहीं."

मी म्हटलं, कागदाचा फोटो पाठवा. आला. ७४ वर लाल रेघ, वर ४७, इंग्रजी साताच्या पोटात मामा मारायचे तशी आडवी काडी आणि शेजारी मराठीत बारीक सही — 'ब. शि.' ही सही मी माझ्या केंद्रातल्या रद्द फॉर्मांवर शंभरदा पाहिलेली. यादगिरीला विचारलं तर म्हणाला, मला मराठी लिहिता येत नाही, आणि मी तर ड्युटीवर होतो.

आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीती नाही वाटली... राग आला! मेल्यावरसुद्धा माझ्या चुका काढतात म्हणजे काय?

मामीला सांगितलं. ती जराही दचकली नाही. "मग? ते दुसऱ्याच्या भरवशावर सोडतील व्हय?"

तो खाडाखोडीचा कागद वकिलातीत चालला. कसा चालला, मला ठाऊक नाही. माझ्या केंद्रात मी तो घेतला नसता. पाचव्या दिवशी मामा हैदराबादला उतरले. मी आणि माझा नवरा ॲम्ब्युलन्स घेऊन गेलो. कार्गोच्या खिडकीतल्या माणसानं फाइल चाळली आणि म्हणाला, "मॅडम, इतनी साफ फाइल पहली बार देखी." प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स लावलेल्या. मी लावल्या नव्हत्या, आणि सलीमभाई म्हणाले, त्यांनीही नाही.

दुपारी गावात पोचलो. पेटी उघडली आणि खरी अडचण तेव्हा कळली. औषधानं देह लाकडासारखा ताठ. माती द्यायला आलेले आमचे लिंगायत स्वामी आणि चौघेजण खटपट करून थकले, गुडघा वाकेना. स्वामी हळूच म्हणाले, "झोपवूनच द्यावी लागंल माती."

मामी उठली. पाच दिवसांची उपाशी बाई, भिंतीला धरून आली. मामांच्या कानाजवळ वाकून, आमच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओरडली, "कागद झाले सगळे. म्या बघितले. बसा की आता!"

स्वामींनी पुन्हा गुडघ्याला हात लावला... आणि तो वाकला. मांडी घातली गेली, सरळ, रोज जेवायला बसायचे तशी. माझा नवरा मागे झाला. मी मात्र तिथेच खाली बसले आणि पाच दिवसांत पहिल्यांदा रडले.

त्या संध्याकाळी मामीनं भाकरीचे दोन घास खाल्ले.

एका ओळखीच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, हलवाहलवीनं कधीकधी सांधे सैल होत असतील. असेलही. तिथल्या कुणा मराठी माणसानं दया येऊन कागद दुरुस्त केला असेल, असंही मी स्वतःला समजावून पाहिलं. पण त्याला माझी चूक कुणी सांगितली? ती मी तोवर एका माणसालाही बोलले नव्हते.

मामीला हे सगळं कोडं वाटतच नाही. परवा पुन्हा विषय काढला तर शेंगा निवडता निवडता म्हणाली, "त्याला उत्तर कशाला पाहिजे गं? आले न्हवं घरी?"