पूर ओसरल्यावर बर्डीवर

लग्न होऊन मी आले तेव्हा आमचं गाव पैनगंगेला अगदी खेटून होतं. पावसाळ्यात अंथरुणावर पडल्यापडल्या नदी ऐकू यायची. दुसऱ्याच वर्षी भादव्यात पूर आला आणि खालची आळी वाहून गेली. माणसं वाचली, पण आमचा गोठा गेला, घराची मागची भिंत बसली.

पाणी ओसरल्यावर पारावर बैठक झाली. गाव उचलून वरच्या बर्डीवर, म्हणजे टेकाडावर न्यायचं, असं ठरलं. सगळ्यांना पटलं, पण कोणी हललं नाही. बर्डीवर नुसता मुरूम आणि पळसाची झुडपं, पाणी लांब. "आधी तुमी जा, मंग आमी येतो," असं जो तो दुसऱ्याला म्हणायचा. दिवाळी झाली, ज्वारी निघाली, तरी गाव तिथंच.

एके सकाळी सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला गाडी जुंपायला सांगितली.

"कुठं जायचं, माय?"

"घरी."

"घर तर हे हाय."

"हे आता नदीचं झालं. आपलं तिकडं बांधू."

बर्डीवर आम्ही तुराट्यांचा कूड उभा केला, शेणमातीनं लिंपला. आम्ही तिघं आणि दोन बैल. दुपारी पळसातून वारा घोंघावला की मला जीव मुठीत धरावासा वाटे. पाणी नदीवरून आणायचं, डोक्यावर घागर घेऊन चढ चढायचा. सासूबाईंची कुरकुर नव्हती, पण त्या दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. संध्याकाळी गावातल्या चुलींचा धूर वर यायचा, तो बघत बसायच्या.

मला वाटलं, त्यांना पस्तावा होतो आहे. विचारायची हिंमत नव्हती.

जुन्या गावात आमच्या भिंतीला भिंत लागून एक शेजारीण होती. तिचं आणि सासूबाईंचं सांडपाण्यावरून, कोंबड्यांवरून, कशावरूनही भांडण व्हायचं. मी नवी होते तेव्हा घाबरून आत पळायचे. माघ सरता सरता एका सकाळी तीच शेजारीण डोक्यावर कोंबड्यांचं डालगं घेऊन चढ चढून आली. मागं तिचा नवरा गाडी हाकत होता.

"तू काहून आलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"तिथं करमत नाई. कोणाशी बोलावं त समजत नाई. जागा दाखव."

सासूबाई उठल्या आणि तिला आमच्या कुडाच्या डाव्या अंगाला घेऊन गेल्या. ती जागा त्यांनी आधीच माझ्याकडून गोटे वेचून साफ करवून घेतली होती. तिथं काय करायचं आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

"इथं बांध. पण तुह्या मोरीचं पाणी माह्या दारात येऊ नको देऊ."

"चढ तुह्याकडं हाय. पाणी तुहंच येईन माह्या दारात."

मग त्या दोघी भांडायला लागल्या. माझ्या नवऱ्यानं हातातली कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो पोट धरून हसला. त्या दिवशी सासूबाई पोटभर जेवल्या.

दोन घरांचा धूर दिसल्यावर बाकीचे यायला लागले. जो येई तो जुन्या गावातला आपला शेजारी कुठं आहे ते विचारी आणि त्याच्याच बाजूला घर मांडी. खालच्या गावातल्या वाटेला एका मोठ्या कडुनिंबापाशी वळण होतं. वरही घरं मांडताना लोकांनी वाट तशीच वळवली. केनवडकडून सोयरीक घेऊन आलेले पाहुणे विचारायचे, "वाट इथं काहून वळली?" आम्ही सांगायचो, "मधी निंब हाय ना." ते बिचारे झाड शोधत इकडंतिकडं बघायचे.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून विहीर खणली. मुरमाखाली काळा खडक लागला, फोडता फोडता माणसं थकली, पण पाणी लागलं. मारुती सगळ्यात शेवटी वर आला, वाजतगाजत.

जुन्या गावठाणावर मग नांगर फिरला. पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि शेण मुरलेली ती गावठाणाची पांढरी माती; तिथली ज्वारी माणसापेक्षा उंच झाली. पहिल्या कणसांच्या पिठाची भाकर मी सासूबाईंच्या ताटात वाढली. त्यांनी घास तोंडात घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोड हाय. अर्धी अजून वाढ."