डोंगरापलीकडचं माहेर

आमच्या घरात डोंगर चढायची हौस एकट्या वहिनीला. बाकी आम्ही सगळे डोंगराकडे नुसते पाहत मोठे झालो. मालेगाव तालुक्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी आमचं गाव. अंगणातून चार पावलं टाकली की चढ लागतो. ती चार पावलं न टाकता मी पन्नाशी गाठली, आणि यालाही एक चिकाटी लागते असं माझं मत आहे.

वहिनी माझ्याहून थोडी मोठी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवते, तोडते, बाजारात नेऊन विकते, आणि एवढं करूनही तिच्या पायांत काहीतरी उरतंच. मग सीताफळं डोळ्यावर, म्हणजे पिकायला, आली का ते बघायला जा, रोही, म्हणजे नीलगायी, कुठल्या पाण्यावर उतरतात ते बघायला जा. घरी येते ती पदरात काहीतरी बांधून आणि चेहऱ्यावर असं काही घेऊन, की आपल्याला उगाच वाटावं, आपलं काहीतरी हुकलं.

परवाच्या दिवाळीनंतर मात्र तिचा बेत हौसेचा नव्हता. तिचं माहेर डोंगराच्या बरोबर पलीकडे. पण बसनं जायचं तर आधी मालेगाव, तिथून दुसरी बस, मग फाट्यावरून पायी. सगळा दिवस त्यात जातो आणि इकडे वांगी जून होतात. माहेरी तिचे वडील, ऐंशीच्या पुढचे. आताशा ते ओसरीच्या खाली उतरत नव्हते, जेवणावरूनही मन उडालेलं. वहिनीला त्यांना आठवड्यातून एकदा तरी भेटायचं होतं. दादाची मोटारसायकल त्याच्या कमरेनं बंद केलेली. मी चालवतो, पण वहिनी माझ्या मागे एकदाच बसली आहे.

"डोंगरावरून वाट हाय," ती म्हणाली. "मी नवीन होती तवा बाबा तिकूनच येत. थे सापडली तं मी दर सोमवारी जाऊन येईन."

"कवाच बुजली असंल थे," दादा म्हणाला.

"म्हनून तं पाहाले जातो. भाऊजी, तुमी चाला संगं."

"मी कायले?"

"मी पडली तं सांगाले कोनी पायजे ना घरी."

मी कबूल झालो, पण एका अटीवर. आमच्याकडे डोंगरावर जायचं म्हणजे रोडगे करायचे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. वाट शोधायची असो की आणखी काही, रोडग्यांशिवाय डोंगर ही कल्पना मला सहन होत नाही. तेव्हा वहिनीनं पाटीत कणीक, वांगी, तूप आणि पाण्याची कॅन घेतली. मी गोवऱ्यांचं पोतं घेतलं आणि पहिल्या वळणालाच बसलो.

ती चढत होती ते बघण्यासारखं होतं. डोक्यावर पाटी, नऊवारी नाही, साधी पाचवारीच, ती किंचित वर खोचलेली, आणि चाल अशी की जणू शेजारी विरजण मागायला निघाली आहे. सागाची पानं वाळून पायाखाली मोडत होती. धावड्याच्या झाडांतून ऊन पडलेलं. मध्येच ती थांबायची, वाकून जमीन पाहायची, "इकून गुरं जातात, मान्सं नाई," म्हणायची आणि दुसरीकडे वळायची. मला थांबणं तेवढं कळायचं.

डोंगरमाथ्याच्या धारेवर एक उघडा खडक लागला. गवताचं पातंसुद्धा नाही. तिथून पलीकडे पिवळ्या तुरीचे पट्टे आणि तिच्या माहेरचं तळं चकाकताना दिसलं. वहिनी पाटी खाली ठेवून बघत राहिली. मी म्हटलं, "रोडगे."

रोडगे उत्तम झाले. ते खाताना कॅन उचलली, तेव्हा लक्षात आलं की कॅनमधलं सगळं पाणी कणकेत आणि भाजीत गेलंय. प्यायला थेंब नाही.

"वयनी, पानी?"

"तुमच्या पोटात हाय ना. रोडग्यात."

ती हसली, पण मला ठसका लागला तेव्हा हसू थांबलं. राखेवर माती लोटून आम्ही वाट सोडली आणि पाण्यासाठी थेट नाल्याकडे उतरलो. पाणी मिळालं. वाट गेली. पुढे घाणेरीचं असं रान माजलेलं की वाकून, बसून, एकदा तर रांगत जावं लागलं. एक रोही दहा हातांवरून उधळला. वहिनी म्हणाली, "वा!" मी काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

माहेरी पोचलो. वहिनीनं अंगणात पाटी उतरवली. ओसरीवर वडिलांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "बाबा, वाट नाई रायली. अशा रानातून मी दर सोमवारी नाई येऊ शकत."

म्हातारबा पुढे वाकले. तिच्या साडीच्या काठाला चिकटलेली नाल्याकाठची कुसळं ते एकेक करून काढत बसले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाव्हणे, खडकावर तुमचा धूर दिसला मले. तेथपर्यंत बराबर आलते तुमी. मंग नाल्यात कायले शिरले?"

मी रोडग्यांकडे बोट दाखवलं. वहिनीनं त्यांच्यासाठी दोन बांधून आणले होते.

"खडकावून धार सोडाचीच नाई," ते म्हणाले. "मोठ्या मोहाच्या झाडाखालून सरळ उतरते थे वाट."

वहिनी उठलीच. शेवटच्या बसला वेळ होता, मी तसं सुचवलंही. ती म्हणाली, "तुमी जा बसनं. मी पाहून येतो." आता एकटीला सोडून बसनं घरी गेलो असतो तर दादानं मला जेवू घातलं नसतं.

मोहाचं झाड सापडलं. त्याच्याखालून पायवाट वर गेली होती, अरुंद, पण मोकळी. वहिनी तिच्यावरून अशी निघाली की मला फक्त तिच्या पाटीचा काठ दिसत राहिला. खडकावर पोचल्यावर ती माझ्यासाठी थांबली होती. धापा टाकत मी विचारलं, "सोमवारी मी येऊ का?"

"नोका येऊ. बाबाईले दुपारी जेऊ घालाचं असते मले."

सोमवारी ती उजाडताच निघाली. वांगी तोडायचं काम तेव्हापासून सोमवारपुरतं माझ्याकडे आहे, आणि काट्यांबद्दल मी कुरकुर करतो, पण हळू आवाजात. त्या दिवशी उन्हं उतरायच्या आत ती मळ्याच्या बांधावर आली, पाय धुळीनं माखलेले.

"बाबा जेवले का?" मी विचारलं.

"अर्धी भाकर. अन् मले म्हनते, उशीर केला तू."