आधी समोरच्याचं म्हणणं

देवकुळे सर गेल्याची बातमी मला शिरूर-दौंड एसटीच्या कंडक्टरनं दिली. तो मुद्दाम शाळेच्या फाटकापर्यंत चालत आला, तिकिटांची पेटी काखेत तशीच. सातवीच्या पोरांसमोर मी टेबलावर एक दुधी भोपळा ठेवला होता आणि पोरं कागदावर त्याचे नाना हाल करत होती. "मास्तर, तुमचं घोडनदीचं सर गेलं वो. सकाळी च्या पिता पिता. ष्टँडवर कळलं मला, म्हणलं तुमास्नी कोण सांगनार..." शिरूरला आमच्याकडे अजून घोडनदीच म्हणतात. मी त्याला म्हणालो, बरं झालं सांगितलंत. मग वर्गात आलो आणि एका पोराच्या भोपळ्याचा देठ नीट करून दिला. हात चालत होता. बाकी काहीच सुचत नव्हतं. आता महिना उलटून गेलाय, आणि अजूनही काही विशेष सुचतं असं नाही. पण संपादकांनी लिही म्हटलं, म्हणून लिहितोय.

रघुनाथ देवकुळे हे नाव पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल, आणि त्यात वाचकांचा काही दोष नाही. सर शिरूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांच्या विषयाला विश्लेषणात्मक तत्त्वज्ञान म्हणतात. म्हणजे ब्रह्म आणि माया यांत न शिरता, आपण रोज जे बोलतो त्याचा अर्थ नेमका काय होतो, हे सोलून पाहणं. चांगला बैल, चांगला माणूस आणि चांगलं चित्र... या तिन्हींत ‘चांगलं’पण एकच असतं का? शब्द दिला म्हणजे आपण नेमकं काय दिलं? चित्रात माणूस ‘असतो’ म्हणजे कुठं असतो? भाषा, नीती आणि कला अशी तीन शेतं त्यांनी एकाच नांगरानं नांगरली, आणि तीही मराठीत. आपल्या भाषेत हा विषय मावत नाही, असं पुण्यातले एक विद्वान म्हणाले तेव्हा सरांनी विचारलं होतं, "ज्या भाषेत आई आपली चूक काढते, त्या भाषेत विचार करता येत नाही म्हणता?" पुण्यातली नोकरी सोडून ते शिरूरला का आले हे लोक विचारत. वडगाव रासाईला, भीमेकाठच्या बौद्धवाड्यात, त्यांची आई एकटी होती, हे त्याचं साधं उत्तर. सरांनी संसार केला नाही. दर रविवारी ते वडगावला जात.

त्या आईला, भागूआईंना, मुलगा करतो काय हे कधी कळलं नाही. मी एकदा सरांबरोबर गेलो होतो तेव्हा माझ्यादेखत त्यांनी विचारलं, "रघ्या, तू कालेजात करतूस काय रं नेमकं?" सर म्हणाले, "आई, लोक भांडतात ना, ते नेमकं कशावरनं भांडतात ते शोधतो." "आन् मग भांडान मिटतं?" "कधी कधी भांडण नव्हतंच असं कळतं." भागूआई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्ये तर आमचं पंच बी करत्यात. त्यास्नी पगार न्हाई." सर इतके हसले की भाकरीचा घास घशात अडकला.

सरांची एक रीत होती. कुणाशीही मतभेद झाला की ते आधी समोरच्याचं म्हणणं स्वतः मांडत. जुन्या शास्त्रातला पूर्वपक्षच तो, सरांनी काही नवा शोधला नव्हता. पण त्यांनी त्याला एक अट जोडली होती. पूर्वपक्ष बरोबर झाला की नाही हे समोरच्यानं ठरवायचं. "असंच ना?" असं विचारून ते थांबत, आणि समोरचा "असंच" म्हणेपर्यंत स्वतःचा एक शब्दही काढत नसत. यामुळे स्टाफरूममध्ये त्यांच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे. साध्या वेळापत्रकावरचा वाद दुपारच्या चहापर्यंत पूर्वपक्षातच अडकून पडे, आणि तोवर तावातावानं आलेला माणूस निवून गेलेला असे. प्राचार्य तर त्यांना व्हरांड्यात पाहून वाट बदलत.

माझ्या आयुष्याचा प्रश्नही याच रीतीत अडकला. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. शिरूरला फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, राहून मी सरांच्याच कॉलेजात शिकत होतो आणि मला चित्रकला शिकायला पुण्याला जायचं होतं. अब्बांचं दौंडला स्टेशनबाहेर गाद्या-रजया भरायचं दुकान. त्यांना माझी चित्रं मान्य नव्हती. वडीलधारी माणसं मध्ये घालून झाली होती, अम्मी रडून झाली होती. शेवटी मी सरांना म्हणालो, तुम्ही चला. सर आले, कापसाच्या ढिगाशेजारी बसले, आणि माझी वकिली करायचं सोडून अब्बांनाच प्रश्न विचारू लागले. अब्बा पिंजण वाजवता वाजवता तुटक उत्तरं देत होते. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "मामा, तुमचं म्हणणं मी सांगून बघतो. चित्र वाईट असं तुम्ही म्हणत नाही. तुम्ही म्हणता, माणूस आपल्यासमोर बसतो तेव्हा तोंड दाखवतो, देत नाही. ती अमानत असते, वरच्यानं त्याला सांभाळायला दिलेली. चित्र काढणारा ती उचलून घरी नेतो, भिंतीला लावतो, आणि मग लोक माणसाकडं बघायचं सोडून भिंतीकडं बघतात. असंच ना?"

पिंजण थांबलं. अब्बा सरांकडे वळले. "व्हय," ते म्हणाले. "ह्येच. मला बोलता येत न्हवतं." सर म्हणाले, "मग आज माझ्याकडं उत्तर नाही. पुढच्या रविवारी वडगाव करून येतो." आणि खरोखर उठले! स्टँडवर मी त्यांच्यावर भडकलो. "सर, तुम्ही माझ्याकडून आला होतात." "तुझ्याकडूनच आहे की," ते शांतपणे म्हणाले, "पण त्यांच्या म्हणण्यात दम आहे रे." मदतीला आणलेल्या माणसानं समोरच्याची बाजू इतकी भक्कम करून ठेवावी की आपल्यालाच पटू लागावी... मी त्या आठवड्यात त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी ते आले, तेव्हाही त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पण बोलायला सुरुवात अब्बांनीच केली. "सर, आता पोराचं मी सांगतो. चुकलं तर त्यानं सांगावं." आणि माझ्याकडे न बघता, गादीला दाभणानं टाका घालत ते म्हणाले, "ह्याला दिसतं ते ह्याच्या डोळ्यात मावत न्हाई. हातानं उतरवलं न्हाई तर ह्याला झोप न्हाई. मी कापूस पिंजला न्हाई तर माझं हात जसं दुखत्यात, तसं. ह्यो माझ्या विरुद्ध न्हाई, ह्यो माझ्यावानीच हाय. आसंच ना?" मी मान डोलावली, असंच म्हणून. अब्बा म्हणाले, "मग जा. पन तोंड कुणाचं काढू नगंस. शब्द दे." मी शब्द दिला. त्या दुपारी अब्बांनी ओळखलं तितकं मला कुणीच कधी ओळखलं नाही, आणि ती दुपार सरांनी काहीही न करता घडवली होती.

तो शब्द मी पाळला. पुण्याहून शिकून आलो, दौंडच्या शाळेत लागलो, आणि चित्रं काढत राहिलो... झोळ पडलेली बाज, खुंटीवरची टोपी, फलाटावर टेकलेल्या वळकट्या. सर दौंडला आले की चित्रासमोर उभे राहून विचारत, "इथनं आत्ताच कोण उठून गेलं?" दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले. त्यांनी कधी फोटो काढू दिला नव्हता. त्यांचा चेहरा माझ्या बोटांत होता आणि कागदावर उतरवायला मी तळमळत होतो. सर म्हणाले, नको. मी म्हणालो, का? ते म्हणाले, आधी माझं म्हणणं सांग. मी म्हणालो, "शब्द दिला तो पाळावा, असं तुम्ही म्हणता." "हे तर फळ्यावरच्या सुविचारासारखं झालं." पुन्हा एकदा म्हणालो, "सोडवणारा राहिला नाही, म्हणून शब्द सुटत नाही." "जवळ आलास. पण असंच नाही." बोलणं इथंच राहिलं आणि सर वारले. मला त्यांच्याकडून ‘असंच’ मिळालं नाही.

सर गेल्यानंतर पंधरवड्यानं मी वडगावला गेलो. भागूआई पडवीत बसल्या होत्या. मला शेजारी बसवून म्हणाल्या, "इकबाल, तुला चित्रं येत्यात न्हवं? माझ्या रघ्याचं तोंड काढून दे. कालेजाच्या फोटूत त्यो माझ्यावानी दिसत न्हाई." त्या माउलीला नाही कसं म्हणायचं! पण माझ्या तोंडून निघालं ते सरांचं म्हणणं, आणि या वेळी ते अडलं नाही. "आई, कुणाचं तोंड काढणार नाही असा शब्द मी अब्बांना दिलाय. सर म्हणायचे, तो देताना बाप आणि मी एकमेकांना पुरते कळलो होतो. तो शब्द आहे तोवर आमचं बोलणं चालू आहे. चेहरा काढला तर मला चेहरा मिळेल, आणि बोलणं संपेल. असं म्हणायचे ते." भागूआईंनी डोळे मिटले होते. "व्हय," त्या म्हणाल्या, "आसंच बोलायचा त्यो. पुन्यांदा सांग." मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तोंड ऱ्हाऊ दे. तू येत जा, आन् आसं बोलत जा."

आता रविवारी मी वडगावला जातो. एरवीचे दिवस कसेतरी जातात. फक्त रविवार जड जातो आणि तिथं गेलं की थोडा हलका होतो. गेल्या खेपेला शेजारणीच्या कोंबड्यांवरून भागूआईंचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मला शेजारणीचंही थोडं खरं वाटत होतं, पण आधी भागूआईंचं म्हणणं मीच मांडलं, अगदी सरांसारखं, एकेक गोष्ट वेगळी करून. आणि विचारलं, "असंच ना, आई?" त्या डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी दुसऱ्यांदा मांडलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मांडताना माझ्या लक्षात आलं की मी पहिल्याच वेळी बरोबर होतो... ‘असंच’ म्हटलं की बोलणं थांबेल, म्हणून त्या म्हणत नव्हत्या.